कमिशनची मिळकत आणि पेढीची पत

(सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील युवक व पालकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा, चातुर्मासातील आहारव्यवस्था यांची नोंद होतेच. परंतु खजिनदाराची दृष्टी आधी एका रकान्याकडे जाते. तो रकाना म्हणजे ध्रुवफंड. मुद्दल अखंड ठेवावयाचे आणि त्याच्या व्याजावर नित्यपूजेचा खर्च भागवावयाचा, ही व्यवस्था ज्या पिढीने घालून दिली तिला टिकाऊ उत्पन्नाची व्याख्या कोणी महाविद्यालयात शिकवली नव्हती. तिने मोंढा पाहिला होता, दुष्काळ पाहिला होता आणि एका हंगामावर विसंबणाऱ्या पेढ्या बसलेल्याही पाहिल्या होत्या.

आज समाजाच्या घराघरांत निराळाच संवाद चालतो. वडील दुकानाच्या गादीवर बसलेले असतात आणि मुलगा किंवा सून हातातील मोबाईल दाखवून सांगत असते की माल न भरता, गोदाम न घेता, उधारी न देता घरबसल्या कायमची मिळकत सुरू होऊ शकते. या उद्योगाचे नाव ॲफिलिएट मार्केटिंग. कोणी त्यास संलग्न विपणन असेही म्हणतात, पण तो शब्द अद्याप कागदावरच आहे. वडिलांना हा प्रकार एकतर फसवणूक वाटतो, नाहीतर रिकामपणाचा उद्योग. मुलांना वडिलांचे कापडाचे दुकान म्हणजे बुडते जहाज वाटते. दोन्ही मते घाईची आहेत. प्रश्न मात्र खरा आहे, कारण त्यावर काही घरांतील दुकान पुढे चालणार की भाड्याने जाणार हे ठरावयाचे आहे.

प्रथम हे समजून घेणे उचित की हा धंदा या समाजाला अपरिचित नाही. माल दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा, मध्ये उभा राहणारा दोघांची गाठ घालून देतो आणि सौदा झाला तर त्यातील ठरलेला हिस्सा घेतो. यालाच आपल्या भागात आडत म्हणतात. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये हंगामात सकाळी जाऊन उभे राहिले तर या शास्त्राचे सारे धडे अर्ध्या दिवसात मिळतात.

वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव इकडून शेतकरी हळद घेऊन येतो. कांडी निराळी, गट्टू निराळा. आडत्याच्या जागेवर ढीग पडतात, बीट होते, खरेदीदार हातात कांडी मोडून रंग आणि ओल पाहतो, बोली चढते, काटा होतो, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी तयार होते. वरवर पाहता आडत्याने काहीच केलेले नसते. हळद त्याने पिकवली नाही, विकतही घेतली नाही. मग त्यास आडत कशाची? उत्तर पैसे देण्याच्या क्षणी मिळते. नियमाप्रमाणे शेतकऱ्याला मापाच्या दिवशीच रक्कम मिळावयास हवी. खरेदीदार मात्र पुष्कळदा काही दिवसांनी रक्कम देतो. या दोन तारखांच्या मध्ये जो उभा असतो तो आडत्या. खरेदीदार बुडाला तर तो बुडतो. शेतकऱ्याच्या मालात ओल निघाली तर खरेदीदाराची बोलणी तो ऐकतो. पेरणीला उचल तोच देतो, मुलीच्या लग्नाला तोच देतो, आणि या उचलीतून शेतकरी बांधला जातो हा आरोपही त्याच्यावर होतो. तो नेहमीच खोटा असतो असे म्हणता येणार नाही. परंतु हे निश्चित की आडत ही ओळख करून दिल्याची बिदागी नव्हे. ती जोखमीची किंमत आहे. म्हणूनच एकाच आडत्याकडे एकेका घराण्याची हळद पिढ्यान्‌पिढ्या येत राहते.

कमिशन कोणी द्यावे आणि किती द्यावे हे मात्र आडत्याच्या हाती राहत नाही, हेही या राज्याने पाहिले. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि त्यांवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. आडत्यांनी बंद पाळले, वाद झाले, आणि बाजार पुन्हा सुरू झाला. ज्यांच्याकडे शेतकरी केवळ नाइलाजाने येत होता त्यांना तो निर्णय अधिक जाचला. ज्यांच्याकडे विश्वासाने येत होता त्यांचे काम नव्या व्यवस्थेतही चालू राहण्याजोगे होते.

कापडाच्या व्यापारातही हीच रीत आहे. मराठवाड्यातील दुकानदार सुरतेच्या बाजारात उतरतो तेव्हा शेकडो दुकाने समोर असतात आणि त्याला कोणी ओळखत नाही. त्यास घेऊन फिरणारा आडतिया त्याच्या उधारीची हमी घेतो, म्हणून अनोळखी व्यापारी साड्यांच्या गाठी रवाना करतो. आडतिया चुकला तर दुकानदाराच्या गळ्यात न विकणारा माल पडतो आणि पुढच्या दिवाळीला तो दुकानदार दुसऱ्याचे बोट धरतो. लग्नाचा बस्ता बांधावयास खेड्यातून आलेल्या कुटुंबासोबत एखादा जाणता माणूस असतो. कोणत्या दुकानात शिरावयाचे हे तोच ठरवतो. काही ठिकाणी त्यालाही मागाहून काही मिळते. मिळते हे कुटुंबाला ठाऊक असेल तर प्रश्न नसतो. ठाऊक नसेल आणि साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला, तर त्या गावची वाट त्या दुकानाला कायमची बंद होते.

आता नवा प्रकार. १९८९ मध्ये अमेरिकेत फुले व भेटवस्तू विकणाऱ्या विल्यम टोबिन यांनी प्रॉडिजी या संगणकीय सेवेवर विक्रीच्या हिश्श्याची पद्धत वापरली, असे या उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉन या पुस्तकविक्रेत्या कंपनीने आपली असोसिएट्स योजना सुरू केली आणि ही पद्धत सर्वतोमुखी झाली. जून २०१३ मध्ये ती कंपनी भारतात आली. योजना सोपी आहे. कंपनी प्रत्येक सहभागी व्यक्तीला खुणेचा क्रमांक देते. त्या व्यक्तीने दिलेल्या दुव्यावर, म्हणजे लिंकवर, कोणी बोट ठेवले की त्याच्या यंत्रात ती खूण उमटते. ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तर हिस्सा मिळतो. ॲमेझॉनची ही मुदत साधारणतः चोवीस तासांची आहे. गिऱ्हाइकाने परवा खरेदी केली तर सांगणाऱ्याच्या पदरी काही नाही. माल परत गेला तर जमा झालेले कमिशन वजा. स्वतःच्या दुव्यावरून स्वतः खरेदी केली तर कमिशन नाही. मोंढ्यातील आडत्याला चोवीस तासांची आठवण असलेला खरेदीदार मिळाला असता तर त्याने दुसऱ्या दिवशी दुकान बंद केले असते!

थोडे गणितही पाहावे, कारण स्वप्ने विकणारे वर्ग ते क्वचितच फळ्यावर मांडतात. समजा, एक हजार रुपयांच्या वस्तूवर चार टक्के कमिशन आहे, म्हणजे एका विक्रीमागे चाळीस रुपये. समजा, दुव्यावर आलेल्या शंभरांपैकी दोघे खरेदी करतात. महिन्याला दहा हजार रुपये हवे असतील तर २५० विक्री व्हावयास हव्यात आणि त्यासाठी १२,५०० लोक त्या दुव्यावर यावयास हवेत. त्यांपैकी पाचवा हिस्सा माल परत गेला तर हाती आठ हजार उरतात. त्यातून इंटरनेटचा खर्च आणि वेळेची किंमत वजा करावी. कापडात परत जाण्याचे प्रमाण अधिक असणार हे कापडाच्या माणसाला सांगावे लागत नाही. पडद्यावर दिसणारा रंग आणि अंगावर पडणारा रंग यांत अंतर राहतेच. कर कापून येतो, तो विवरणपत्रात दाखवावा लागतो. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, टक्केवारी वस्तूनुसार बदलते. पण गणिताची रीत हीच.

ही मिळकत अल्प असली तरी त्यात अप्रतिष्ठा नाही. दुकानाच्या गल्ल्यात आठ हजारांची भर पडली तर कोणत्या घराला नको आहे? मुद्दा टिकण्याचा आहे. एप्रिल २०२० मध्ये, जग कोरोनाच्या टाळेबंदीत असताना, ॲमेझॉनने अमेरिकेतील कमिशनचे दर उतरवले. फर्निचर व गृहोपयोगी वस्तूंवरील आठ टक्क्यांचे तीन टक्के झाले, किराण्यावरील पाचाचा एक झाला. सूचना आणि अंमल यांत आठवडाभराचे अंतर होते. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून हजारो दुवे विणले होते त्यांची मिळकत एका पत्राने अर्ध्याखाली गेली. त्याच वर्षी २९ जून रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. सीमेवरील तणावात तो निर्णय झाला आणि त्याच्या योग्यायोग्यतेशी येथे कर्तव्य नाही. पण खेड्यापाड्यांतील ज्या तरुणांचे लाखो प्रेक्षक त्या एकाच ठिकाणी होते त्यांचे दुकान रातोरात नाहीसे झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने शोधाच्या पद्धतीत बदल केले तेव्हा केवळ वस्तूंच्या शिफारशींवर उभ्या असलेल्या अनेक संकेतस्थळांकडे येणारी वर्दळ आटली. तीन घटना, तीन कारणे. परंतु तिन्ही ठिकाणी गिऱ्हाईक ज्याच्या दारातून येत होते तो दरवाजा सांगणाऱ्याच्या मालकीचा नव्हता.

हिंगोलीने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. इंग्रजी अमदानीत येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी म्हटली की धान्य, कापड, सावकारी, पुरवठा सारे आलेच. १९०३ मध्ये कंटिंजंटची स्वतंत्र व्यवस्था संपुष्टात आली आणि छावणी उठली. गाव मात्र उठले नाही, कारण भोवतालच्या काळ्या जमिनीतील कापसाचा बाजार येथे होता. एका धन्याच्या शिधापत्रावर जगणारा पुरवठादार आणि शंभर गावांच्या कापसावर जगणारा आडत्या यांतील भेद त्या एका वर्षात स्पष्ट झाला असेल.

कमिशनची मिळकत दीर्घकाळ टिकते की नाही, याचे देशातील सर्वांत मोठे प्रात्यक्षिक मात्र विमा आणि बचतीच्या क्षेत्रात झाले. ते तालुक्याच्या ठिकाणीही घडले असल्याने अधिक जवळचे आहे. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. पॉलिसी विकल्यावर एजंटाला पहिल्या वर्षी मोठे कमिशन, पण त्यानंतरही विमेदार हप्ता भरील तोवर दरवर्षी नूतनीकरणाचे कमिशन मिळत राहिले. अटी पूर्ण केलेल्या एजंटाच्या पश्चात ते वारसालाही मिळते. त्यामुळे एजंटांचे दोन वर्ग पडले. एकाने मार्चअखेर कोटा भरण्यासाठी नातलगांच्या गळ्यात पॉलिसी घातल्या. त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडल्या आणि नातेही थंड झाले. दुसऱ्याने पंचवीस वर्षे विमेदारांच्या घरी हप्त्याची आठवण दिली, मृत्यूचा दावा आला तेव्हा कागदपत्रे घेऊन शाखेत बसला. या दुसऱ्याचे उत्पन्न म्हातारपणी पेन्शनीसारखे चालले. ऑक्टोबर २०२४ पासून महामंडळाने पहिल्या वर्षाचे कमिशन कमी करून पुढील वर्षांचे वाढवले, तेव्हा एजंटांच्या संघटनांनी विरोध केला. पण त्या बदलाची दिशा कोणाच्या बाजूची आहे हे जुने एजंट ओळखतील.

टपाल कार्यालयातील अल्पबचतीचेही तसेच. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली अनेक भगिनींनी दरमहा घरोघर फिरून आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा केले. डिसेंबर २०११ मध्ये सरकारने अन्य अल्पबचत एजंटांचे कमिशन एक टक्क्यावरून अर्ध्यावर आणले आणि भविष्य निर्वाह निधी व ज्येष्ठ नागरिक योजनेवरील कमिशन बंदच केले. महिला एजंटांच्या आवर्ती ठेवीवरील चार टक्के मात्र राहिले. ज्या कामात पायपीट होती, दर महिन्याला दार ठोठावणे होते, त्याचा मोबदला वाचला. जेथे केवळ अर्जावर शिक्का होता तेथे तो गेला. हा न्याय योगायोगाने झाला की विचारपूर्वक, हे सांगणे कठीण, पण झाला.

म्युच्युअल फंडात तर सेबीने हे स्पष्टच केले. १ ऑगस्ट २००९ पासून गुंतवणूकदाराच्या रकमेतून प्रवेशशुल्क कापून वितरकाला देणे बंद झाले. अनेकांनी धंदा सोडला. २०१८ मध्ये आगाऊ कमिशनही बंद करून केवळ गुंतवणूक टिकेल तोवर मिळणारे, ट्रेल नावाचे कमिशन ठेवले. गुंतवणूकदार राहिला तर वितरक राहिला. ज्यांनी लोकांना घाबरून पैसे काढू दिले नाहीत, लहान हप्ते वर्षानुवर्षे चालू ठेवले, त्यांचे ट्रेल आज दुकानाच्या भाड्याइतके नियमित येते. ॲफिलिएट व्यवहारातही संकेतस्थळाची जागा किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर वर्गणीने देणाऱ्या काही कंपन्या नूतनीकरणावर हिस्सा देतात. तरुणांनी कमिशनचा दर विचारण्याआधी ते किती काळ मिळणार हे विचारावे.

कमिशन कशावर मोजले जाते यावर माणसाची वागणूक ठरते, हे मुंबईच्या कापड गिरण्यांनीही दाखवले. आरंभीच्या काळात मॅनेजिंग एजंटांना सुताच्या प्रत्येक रत्तलामागे पाव आणा मिळे, मग गिरणीला नफा होवो की तोटा. साहजिकच सूत निघत राहिले. खपेल की नाही याची काळजी भागधारकांनी करावी! पुढे कमिशन विक्रीवर व नफ्यावर आले आणि ३ एप्रिल १९७० पासून ती पद्धतच कायद्याने संपली.

येथे श्रावकधर्माचा विचार टाळता येत नाही, आणि तो केवळ शिष्टाचार म्हणून करावयाचा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत मिथ्योपदेश आणि कूटलेखक्रिया आहेत. अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार आहेत. वस्तू न वापरता 'उत्तम आहे' असे लिहिणे ही कूटलेखक्रिया. पाच तारे विकत घेऊन लावणे हीही तीच. नामांकित मालाच्या छायाचित्राखाली नकली मालाचा दुवा देणे हा प्रतिरूपकव्यवहार. रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याचे गुपित उघड करणे, हाही सत्याणुव्रताचाच अतिचार. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला मोबाईल क्रमांक दुसऱ्या कंपनीला विकणारा त्याचे उल्लंघन करतो. शासनाला हे फार उशिरा सुचले. बनावट परीक्षणांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आले.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यांत पापोपदेश आणि हिंसादान येतात. हिंसक व्यापाराची दुसऱ्याला वाट दाखवणे हाच पापोपदेश. चामड्याच्या वस्तू, मद्य, पैशाचे जुगारी खेळ यांचे दुवे देणाऱ्याने स्वतः काही विकले नाही, खाल्ले नाही, खेळले नाही, तरी वाट दाखवली. अनर्थदंड म्हणजे निष्प्रयोजन पाप; येथे कमिशन मिळते म्हणून ते सप्रयोजन झाले, असा युक्तिवाद कोणी हुशार तरुण करील. तो वकिलीत चालेल.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनास आलेल्या यात्रेकरूला स्थानिक श्रावक औंढ्याचा रस्ता सांगतो, जेवणाची सोय कोठे होईल ते सांगतो, आणि यात्रेकरू त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण सांगणाऱ्याचा त्यात हेतू नसतो. ज्या क्षणी सांगण्याचे पैसे मिळू लागतात त्या क्षणी ऐकणाऱ्याला ते कळण्याचा हक्क उत्पन्न होतो. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये आणि ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये हेच सांगितले. शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो स्पष्ट, ठळक आणि सोप्या शब्दांत सांगावा; दुव्यांच्या गर्दीत लपवू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'या दुव्यावरून खरेदी केल्यास आम्हांस कमिशन मिळते' हे एक वाक्य लिहिल्याने विक्री घटेल अशी भीती मुलांना वाटते. काहीशी घटेलही. मोंढ्यातील पट्टीवर आडतीचा आकडा छापलेला असतो, तरी शेतकरी येतो.

एका गोष्टीबाबत समाजाने कठोर राहावे. ज्या योजनेत माल गौण आणि माणसे जोडणे मुख्य, प्रवेशासाठी आधी रक्कम भरावयाची आणि ती मेहुणे, साडू, पाठशाळेतील मित्र यांच्याकडून वसूल करावयाची, ती योजना स्वतःला ॲफिलिएट म्हणवीत असली तरी ते तिचे सोंग आहे. बक्षीस चिट आणि पैसा-फिरती योजनांवर बंदीचा कायदा १९७८ पासून आहे. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. लहान समाजात सारेच एकमेकांचे सोयरे असतात. अशी योजना कोसळते तेव्हा पैसा जातो तो जातोच, शिवाय पर्युषणाच्या क्षमावाणीला माणसे एकमेकांसमोर यावयाचे टाळतात.

प्रेमचंद रायचंद यांचे नाव प्रत्येक जैन घरात आदराने घेतले जाते. १८३१ मध्ये जन्मलेले, सुरतेचे, कापूस आणि रोख्यांचे दलाल. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाने मुंबईत पैशाचा पूर आणला आणि त्यांचा शब्द बाजार हलवू लागला. मग भराव कंपन्यांच्या समभागांचा सट्टा आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या दानातून उभा राहिला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने; ते आजही दिसते. त्यांना उभे केले ते दलालीने आणि पाडले ते सट्ट्याने, हे मात्र त्या घड्याळाकडे पाहताना फारसे कोणाला आठवत नाही.

मग हिंगोली जिल्ह्यातील तरुणाने नेमके काय करावे? त्याने मुंबई-पुण्याच्या मुलांप्रमाणे मोबाईलच्या नव्या नमुन्यांची परीक्षणे लिहू नयेत. तेथे गर्दी अफाट आहे आणि त्याच्यापाशी वेगळे काही नाही. त्याच्यापाशी हळद आहे. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे. हळद शिजवण्याचे कुकर, पॉलिशचे ड्रम, ओल मोजण्याचे यंत्र, ताडपत्री, फवारणीचे पंप यांतील कोणते घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे शेतकरी विचारत असतो. त्यास मराठीत, वापरून पाहून, उणिवेसह उत्तर देणारे थोडे आहेत. ज्याच्या वडिलांच्या दुकानात तो शेतकरी लग्नाचा बस्ता बांधावयास येतो, त्या मुलाला ही वाट मोकळी आहे. पंप बिघडला तर शेतकरी दुकानात येऊन विचारील ही भीती त्याला वाटली पाहिजे. शिफारस करताना हीच भीती त्याच्या उपयोगी पडेल.

कापडाबाबतही असेच. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांची नावे, गावे, लग्नतिथी वडिलांच्या खतावणीत आहेत. ती यादी कोणत्याही कंपनीची नाही. त्यांच्या संमतीने, त्यांना उपयोगी पडेल तेवढेच कळवीत राहिले तर दर घटोत किंवा ॲप बंद होवो, माणसे तुटत नाहीत. एकाच कंपनीवर विसंबू नये, दोन-तीन असाव्यात. आणि दुकानाचे भाडे या मिळकतीवर ठरवू नये, निदान पहिली तीन वर्षे. या काळात सुनेला, मुलाला घरातून वेळ आणि थोडे भांडवल मिळावे. वर्गांची मोठी फी मात्र भरू नये; जो कायमची मिळकत जाणतो तो ती शिकवण्याची फी घेऊन का जगतो, एवढे विचारावे.

येत्या दिवाळीच्या वहीपूजनाला त्याने एक स्वतंत्र वही घालावी. पहिल्या रकान्यात कंपनीकडून जमा झालेले कमिशन, दुसऱ्यात परत गेलेल्या मालामुळे वजा झालेले, तिसऱ्यात त्या महिन्यात दुसऱ्यांदा सल्ला विचारावयास आलेल्या माणसांची संख्या. पहिला रकाना वर-खाली होत राहील, त्याने घाबरू नये. तिसरा रकाना वर्षभर रिकामा राहिला तर उद्योग बदलावा. तो भरत गेला तर तिसऱ्या दिवाळीला वडिलांसमोर वही उघडावी आणि दुकानाच्या अर्ध्या जागेची मागणी करावी. वही कागदाची असावी, मोबाईल हरवतो.